शेवटून दुसरं वाक्य

दिवेकर सर रागावले की आवाज खाली आणत. शाळेतले बाकीचे मास्तर चिडले की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सर चिडले की शेवटच्या बाकावरची मुलं मान पुढे काढून स्वतःची शिक्षा ऐकायची. एकदा एका मुलानं धीर करून म्हटलं, "सर, जरा मोठ्यानं रागवा ना, ऐकू येत नाही." सरांनी आवाज आणखी खाली आणला. पुढचं ऐकायला त्याला टेबलापर्यंत चालत यावं लागलं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा सर इतिहास शिकवत होते आणि निवृत्तीला आले होते. आमची खरी ओळख झाली ती त्यांच्या निवृत्तीनंतर, रास्ता पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. सर गेले त्याला आता एक पावसाळा उलटून गेलाय. लिहीन लिहीन म्हणत होतो. हात पुढे जात नव्हता.

सरांचं पूर्ण नाव हनोख दिवेकर. स्टाफरूममध्ये नव्यानं आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना आपुलकीनं विचारलं होतं, "दिवेकर म्हणजे आपले कोकणस्थच ना?"

"कोकणस्थच," सर म्हणाले. "गलबत फुटून किनाऱ्याला लागलो तेव्हापासून."

"म्हणजे कधीपासून?"

"ते विचारून ठेवायला कुणी शिल्लक नव्हतं. पण तुमचे पूर्वज कधी आले ते घरी विचारून या. आम्ही आधी आलेले असलो तर पाटाचा मान आमचा."

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्यातली जुनी माणसं सिनॅगॉगला मशीद म्हणतात. सरांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "शेखसाहेब, शनिवारी आमच्या मशिदीत या. तुमची शुक्रवारची बघून झाली असेल तर."

तिथं गेल्यावर त्यांच्या खालच्या आवाजाचं मूळ कळलं. त्यांच्या धर्मग्रंथात शापांचा एक लांबलचक भाग आहे. देवाचा नियम मोडलात तर काय काय होईल याची ती यादी: दुष्काळ, रोगराई, परागंदा होणं. वर्षातून एकदा तो भाग सगळ्यांसमोर वाचावा लागतो. वाचणारा तो खालच्या आवाजात आणि भराभर वाचतो, झोपलेल्या कुत्र्याजवळून पाय न वाजवता जावं तसा. त्या वेळी ग्रंथाजवळ उभं राहायला एकाला बोलावतात. एरवी तो मान. त्या दिवशी मात्र तो कुणालाच नको असतो.

"बरोबर त्याच वेळी सगळ्यांना खोकला येतो," सर सांगत. "कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाची चप्पल बाहेर राहिलेली असते. मग मी उभा राहतो. मास्तर माणूस. शिव्या द्यायची सवय आहे, खायचीही असावी."

पण सरांची खरी खूण म्हणजे त्यांची दुसरी सवय. त्यांच्यातल्या जुन्या संदेष्ट्यांचं काम म्हणजे राजाला, व्यापाऱ्याला, गावाला तोंडावर सांगायचं की तुमचा निवाडा होणार आहे. त्यातल्या काहींचे ग्रंथ अगदी कठोर वाक्यावर संपतात. तिथं नुसती आग असते आणि नाश. अशा ठिकाणी थांबायचं नाही, अशी वाचणाऱ्यांची रीत आहे. शेवटचं वाक्य वाचून झालं की त्याच्या आधीचं, दिलाशाचं वाक्य पुन्हा एकदा वाचायचं आणि मगच ग्रंथ मिटायचा.

"शेवटचं वाक्य खोडायचं नाही हं," सर बजावत. "ते खरंच असतं. फक्त त्याच्यावर माणसाला घरी पाठवायचं नाही."

ही रीत त्यांनी शाळेतही चालवली. एका मुलाला कॉपी करताना पकडलं तेव्हा मीही त्याच वर्गात पर्यवेक्षणाला होतो. सर त्याला म्हणाले, "काल तू काढलेला सिंहगड फार चांगला होता." मग आवाज खाली. "आज तू कॉपी केलीस. हा पेपर रद्द." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "काल तू काढलेला सिंहगड फार चांगला होता. जा."

मुलांनी हे उचललं नसतं तरच नवल. मधल्या सुट्टीत मैदानावर ऐकू यायचं, "तुझी बॅट भारी आहे. तू आऊट आहेस. तुझी बॅट भारी आहे. नीघ." मलाही हा प्रसाद मिळाला आहे. माझा पहिला लेख त्यांना दाखवायला नेला होता. चहा घेत त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "शेखसाहेब, चहा चांगला झालाय. लेख वाचवत नाही. चहा चांगला झालाय."

सरांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी एस्तेर. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, शेजारी भात शिजत असताना, त्यांनी तिला हिब्रू शिकवलं आणि संदेष्टे वाचायची घराण्यातली जुनी चालही शिकवली. त्यांच्या सिनॅगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात बसतात, वाचायला उभ्या राहत नाहीत. मग हिला कशाला शिकवता, असं कुणी विचारलं की सर म्हणत, "पोहायला येतं म्हणून रोज विहिरीत उडी मारायची असते असं नाही. पण येत असावं."

संदेष्टे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असायचे. मंडईत त्यांच्याबरोबर जाणं ही एक शिकवणी होती. खोटी मापं ठेवून गरिबाला नाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस नावाचा एक संदेष्टा फार संतापला होता. मेंढ्या राखणारा माणूस, बोलणं रोखठोक. काट्याकडे बघत सर भाजीवालीला म्हणायचे, "मावशी, काट्यावरचा अंगठा काढा. वरून बघतायत."

"वरून कोण बघतंय सर, कावळं?" मावशी अंगठा काढत म्हणायची. "घ्या, एक लिंबू जास्त घ्या, पन ते वरचं मला सांगू नका."

सर लिंबू घ्यायचे. "आमोसला असं कुणी लिंबू दिलं असतं," ते जिन्यात म्हणायचे, "तर ग्रंथ निम्माच झाला असता."

निवृत्तीनंतर सरांनी एक काम काढलं. त्यांच्या समाजातली मुलं आता इंग्रजी शाळांत जातात. जुनं भाषांतर त्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी संदेष्ट्यांचं सोपं मराठी करायचं. सर हिब्रू वाचून मराठीत सांगत, मी वाक्य सरळ करून लिहून घेई. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही बसायचो. पहिले काही दिवस मी जिथं तिथं 'शिक्षा' लिहिलं. सरांनी ते सगळीकडे काढून 'निवाडा' करायला लावलं. "शिक्षा एकटा माणूसही देऊ शकतो," म्हणाले. "निवाड्याला समोर दुसरा उभा लागतो. देव या लोकांशी बोलतोय, शेखसाहेब. बोलणं संपलेलं नाही."

असाच एक मंगळवार होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं. एस्तेर ऑफिसातून आली, छत्री दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि चपला न काढता तिथंच उभी राहिली. मी कागद आवरायला लागलो तर म्हणाली, "काका, तुम्ही बसा. तुम्ही असलेलं बरंच."

मग तिनं सांगितलं. तिच्या ऑफिसातला विशाल, धायरीचा, शेतकऱ्याच्या घरातला. दोघं लग्नाची नोंदणी करून आले होते.

सरांनी खिडकीबाहेर आभाळाकडे बघितलं. त्यांच्या समाजात आता पुण्यात माणसं किती थोडी उरली होती, ती चाल येणारं तर या दोघांशिवाय कुणीच कसं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "छत्री आणलीस का?"

"आणलीये, पपा."

मग त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली, की पुढचं मला ऐकू येण्यापेक्षा दिसलंच. "हे दार तुला आता बंद."

एस्तेर हलली नाही. ती वाट बघत होती. या घरात वाढलेली ती; शेवटच्या वाक्यावर इथं कुणाला पाठवत नाहीत, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. मीही वाट बघत होतो. सरांचे ओठ एकदा हललेही. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं.

एस्तेर वळली आणि जिना उतरून गेली. छत्री खुंटीलाच राहिली.

त्यानंतरही मंगळवार चालू राहिले. सरांनी त्या दिवसाविषयी चकार शब्द काढला नाही, मीही काही विचारलं नाही. आमच्या स्नेहाची ती अट नव्हती, पण रीत होती. छत्री मात्र खुंटीवरून हलली नाही. कामवाल्या बाईंनी ती एकदा माळ्यावर टाकली तर सरांनी स्टूल घेऊन स्वतः ती खाली काढली.

त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवत दिवसभर ढवळावा लागतो. एस्तेर तो धायरीला करायची आणि एक डबा माझ्याकडे द्यायची. मी तो सरांच्या टेबलावर ठेवायचो. कुठून आला, हे ते विचारत नसत. एक वडी तोंडात टाकून म्हणत, "यंदा चीक बरा निघालाय." आणि पुढच्या वर्षी, "नारळाचं दूध जरा कमी पडलंय. सांगा त्या हलवायाला."

"सांगतो," मी म्हणायचो. पुढल्या वर्षी दूध बरोबर असायचं.

आमचं काम एकेक संदेष्टा करत पुढे सरकत होतं. फक्त योना पुढे जाईना. ही गोष्ट आमच्याकडेही आहे. आम्ही त्याला यूनुस म्हणतो. देव त्याला सांगतो, त्या मोठ्या शहरात जा आणि त्यांचा नाश होणार म्हणून सांग. तो आधी पळतो, माशाच्या पोटात जातो, शेवटी जाऊन सांगतो. लोक घाबरतात, पश्चात्ताप करतात, आणि देव नाश रद्द करतो. इथं योना खूश व्हायला हवा, तर तो रुसून शहराबाहेर जाऊन बसतो.

"का रुसला, सांगा," सर मला विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "आपण एकदा बोललो ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून. मास्तरांचा आजार आहे हा." शेवटी देव त्याला विचारतो, एवढं मोठं शहर, अजाण माणसं, मुकी जनावरं, यांची मला माया वाटू नये का? आणि ग्रंथ तिथंच संपतो. योनानं काय उत्तर दिलं ते सांगितलेलं नाही. हा शेवटचा अध्याय निघाला की सरांना काहीतरी दुसरं आठवायचं. "पुढच्या मंगळवारी बघू."

योनाचा ग्रंथ त्यांच्या सगळ्यात कडक उपवासाच्या दिवशी, दुपारनंतर वाचतात. त्या दिवसाला बेने इस्राएल लोक मराठीत दरफाळणीचा सण म्हणतात, म्हणजे दार लावून घेण्याचा. पूर्वी त्या दिवशी घरं बंद करून बसत आणि बाहेरच्या कुणाशी बोलत नसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडतात, माणसं एकमेकांकडे जातात. योना वाचण्याचा मान कित्येक वर्षं सरांचा. एका वर्षी मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता. ते बरंचसं पाठावरच म्हणत होते. शेवटच्या अध्यायात, रुसलेल्या योनापाशी येऊन ते थांबले. वाक्य आठवेना. ते पानावर वाकले, अक्षरं दिसेनात. कुणी खाकरलं. पुढची चाल खाली कुणालाच येत नव्हती.

तेवढ्यात वरच्या सज्जातून बाईच्या आवाजात ते वाक्य आलं. मोठ्यानं नाही, पण स्वच्छ, त्याच चालीत.

सरांनी मान वर केली नाही. त्यांनी ते वाक्य उचललं आणि शेवटपर्यंत नेलं.

परत येताना रिक्षात मी हळूच म्हटलं, "आज वरून मदत झाली."

"हं," सर म्हणाले. "संदेष्ट्यांना येतो तसा आवाज आला."

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, मी गेलो तर सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळपर्यंत ओळखीची चार माणसं येऊन गेली. एस्तेर आली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं; पण लोटलेलं दार आणि उघडं दार यांतला फरक दोघांनाही नेमका कळत होता.

तिच्याऐवजी काही दिवसांनी विशालचे वडील, तात्या, स्वतःच आले. धोतर, टोपी, खांद्यावर वांग्यांची पिशवी. मी मंगळवारचा तिथं होतो.

"सर हायेत का घरात? म्या धायरीचा. इशालचा वडील."

सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. घरी आलेल्या माणसाशी ते कधी तुटक वागले नाहीत. चहा झाला. बोलणं जमिनीवर आलं. तात्या म्हणाले, "आता कुटलं शेत, सर. ह्ये वांगं परसातलं. वावरात समदं टावर उभं ऱ्हायलं."

सर म्हणाले, "आमच्या एका संदेष्ट्यानं सांगितलंय, घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटाल, तर शेवटी त्या मोठाल्या घरांत राहायला माणूस मिळणार नाही."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "कवा म्हनला ह्ये?"

"फार जुनी गोष्ट आहे."

"धायरीला येऊन गेल्ता काय? निम्मं फ्लॅट रिकामंच हायेत की!"

सर हसले. एवढ्या वर्षांत त्यांना असं पोटापासून हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. हसू ओसरल्यावर तात्या टोपी सारखी करत म्हणाले, "सर, येक बोलू का? पोरगी दर शुक्कीरवारी सांजच्याला दिवं लावती, तुमच्यातलं. आमची म्हातारी तिच्या शेजारी हात जोडून उभी ऱ्हाती. काय कळत न्हाई तिला, पन उभी ऱ्हाती. मी पोरीला म्हनलं, चल की बापाकडं. तर म्हनती, दार त्यांनी लावलंय, त्येच उघडतील."

सरांनी रिकाम्या कपबशा उचलल्या. बाहेर पाऊस आला होता. तात्या निघताना खुंटीकडे बघून म्हणाले, "ही छत्री न्येऊ का? धाडून देतो."

"ती नको," सर पटकन म्हणाले. "ती दुसऱ्या कुणाची आहे." आणि आतून स्वतःची आणून दिली. ती छत्री धायरीहून कधी परत आली नाही. "पुण्यातून छत्री नेऊन परत न देणारा माणूस," सर कौतुकानं म्हणायचे. "असा आत्मविश्वास राजांनाही नव्हता."

या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळले. फुप्फुसं थकली होती. घरीच ऑक्सिजन लावला, सांभाळायला शोभाताई म्हणून बाई ठेवल्या. आवाज पार बसला. ज्या माणसाचा खालचा आवाज म्हणजे शाप असायचा, त्याचं आता सगळंच खालच्या आवाजात यायला लागलं: पाणी द्या, पंखा वाढवा. शेवटी हे असेच जाणार का, याची मला भीती वाटायला लागली.

एका मंगळवारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मास्क बाजूला करून म्हणाले, "योनाचा शेवटचा अध्याय राहिलाय."

"करू ना, सर."

"मला दिसत नाही. वाचून दाखवणारं कुणी हवं."

"कुणाला सांगू?"

त्यांनी डोळे मिटले. "ती चाल पुण्यात आता कुणाला येते, ते तुम्हाला माहीत आहे."

मी जिन्यातूनच एस्तेरला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"नाही."

मग म्हणाली, "उद्या दुपारी हाफ डे टाकते, काका. तुम्ही असाल ना?"

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर डांबर पायाला चिकटत होतं. मी दार उघडं करून ठेवलं होतं. एस्तेर जिना चढून आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. केसांत थोडं पांढरं आलं होतं. हातात पाण्याची बाटली होती. आत पाऊल टाकलं नाही. शोभाताई म्हणाल्या, "या की ताई, आत या." ती तशीच उभी.

सरांनी उशीवर मान वळवली. त्यांना उजेडात फक्त आकार दिसत असणार. त्यांनी हात वर नेऊन मास्क काढला. दोनदा श्वास घेतला. मग आवाज जितका वर चढेल तितका चढवून त्यांनी विचारलं,

"छत्री आणलीस का?"

"अहो बाबा, बाहेर ऊन रणरणतंय!" शोभाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून हळूच, "असं भलतंच बोलतात अधूनमधून."

एस्तेरनं चौकट धरली होती. तिला ते भलतं वाटलं नव्हतं.

"नाही, पपा," ती म्हणाली. "ती इथंच राहिली होती."

आणि ती आत आली.

मग मी तिथं थांबलो नाही. चपला घालताना पाठीमागे पुस्तक उघडल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. तिनं पहिलं वाक्य त्या जुन्या चालीत सुरू केलं. एका ठिकाणी सरांनी तिला अडवून काहीतरी दुरुस्त केलं. ती "बरोबर म्हटलंय मी, पपा" म्हणाली. मी सवयीनं दार ओढून घ्यायला लागलो, तेव्हा आतून सरांचा आवाज आला, धापा टाकत, पण जिन्यापर्यंत स्पष्ट ऐकू येईल असा.

"शेखसाहेब, राहू द्या. असू दे उघडं."